हनुवटीखालची फिल्म

माझे वडील धुळ्याच्या बसस्टँडवर गाड्या पुकारायचे. चौकशीच्या खिडकीमागे एक जुना माइक होता. त्याच्यापुढे बसून ते दिवसभर साक्री, पिंपळनेर, शिरपूर, अमळनेर असं म्हणत राहायचे. शाळेतून घरी जाताना मी मुद्दाम स्टँडमधून जायचे. त्यांचा आवाज छताच्या पत्र्याला आपटून खाली यायचा आणि त्याबरोबर माणसं पिशव्या उचलून पळायची. सगळं धुळं माझ्या वडिलांचं ऐकतं, असं मला तेव्हा खरंच वाटायचं. घरात, गल्लीत, स्टँडवर सगळे त्यांना नाना म्हणत. मीही नानाच म्हणायचे.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांचा आवाज बसला. सर्दी असेल, धूळ असेल, असं म्हणत त्यांनी महिने घालवले. मग तपासण्या झाल्या आणि घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार होतं. "जीव राहील, आवाज राहणार नाही," डॉक्टर म्हणाले. नानांनी समजल्यासारखी मान हलवली. आवाजातलं त्यांचं शेवटचं वाक्य आम्ही कोणी धड लक्षात ठेवलं नाही. बहुतेक 'माझ्या चपला आत घ्या' असं काहीतरी होतं.

ऑपरेशननंतर मानेला पुढून एक भोक राहिलं. श्वास तिथून चाले, त्यावर पांढरं फडकं. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. घरात नाना आणि त्यांची थोरली विधवा बहीण, आमची अक्का, एवढी दोघंच. नाना पाटीवर लिहायचे. अक्काला वाचता येत नव्हतं. दोघं टाळ्या, चुटक्या आणि हातवाऱ्यांवर चालवून घेत. मी दर रविवारी जळगावहून जायचे आणि घरात शिरताच कान बधिर झाल्यासारखे वाटायचे.

जळगावला मी एका प्रयोगशाळेत पातळ फिल्मवर काम करते. चांदीचे तंतू, केसाहून कितीतरी बारीक, एका पातळ शाईत मिसळायचे आणि रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकवर त्यांचा थर द्यायचा. थर इतका पातळ, की आरपार दिसतं. पण त्यातून वीज वाहते. फिल्म ताणली की तंतू एकमेकांपासून जरा दूर सरकतात, वीज थोडी अडते आणि संगणकाच्या पडद्यावरची रेघ वर उचलली जाते. सैल सोडली की रेघ खाली. बोटावर लावली तर बोटाचं वाकणं दिसतं, मनगटावर लावली तर नाडी. अंगावर घालायची, कातडीसारखी वाकणारी उपकरणं यातूनच व्हायची असतात. आम्ही गुडघ्याच्या पट्ट्यांसाठी प्रयोग करत होतो.

एकदा दुपारी डबा खाताना मला सुचलं आणि मी फिल्मचा एक तुकडा माझ्याच हनुवटीखाली चिकटवला. घास गिळला, रेघ उंच गेली. 'पाणी' म्हटलं, वेगळाच आकार आला. मग ओठ मिटून, आवाज न काढता, नुसतं जिभेने 'पाणी' म्हटलं. तोच आकार पुन्हा आला, थोडा ठेंगणा. मी डबा तसाच झाकला.

नानांचं स्वरयंत्र गेलं होतं. जीभ आणि जिभेखालचे स्नायू तर होते.

पुढच्या रविवारी मी फिल्मची पट्टी, तिची रेघ मोजून पाठवणारा, खिशात मावेल असा एक छोटा डबा आणि लॅपटॉप घेऊन धुळ्याला गेले. ओसरीत खुर्ची टाकून नानांना बसवलं, हनुवटीखालची दाढी करून दिली, पट्टी लावली. "नाना, आवाज काढायचा प्रयत्न करू नका. नुसतं म्हणा," मी म्हटलं. त्यांनी 'पाणी' म्हटलं, 'अक्का' म्हटलं, 'दार', 'जेवण', 'दुखतंय', 'हो', 'नाही', 'गाडी' म्हटलं. 'गाडी' त्यांनी स्वतःहून घातलं. मी पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं, संगणकाला ते आकार शिकवले, आणि संध्याकाळी मोबाइलमधून एका बाईचा सपाट आवाज आला, "पाणी."

अक्का स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. "हाई कोन बोलस?"

"नाना बोलताहेत, अक्का."

तिने नानांच्या गळ्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. नानांनी मजेत पुन्हा म्हटलं आणि ती परकी बाई पुन्हा बोलली, "पाणी." अक्काने दोन्ही कानांवर हात ठेवले. "बंद कर ती बाईले! मना भाऊना आंगमा ती कशी काय शिरनी?"

तिला वाटलं, तिच्या भावाच्या अंगात कोणी शिरलंय. मी हसले, पण मलाही ते ऐकवत नव्हतं. नानांचाच आवाज घालता येईल म्हणून मी नातेवाइकांचे मोबाइल पालथे घातले. लग्नांचे व्हिडिओ होते, त्यात बँडचा गोंगाट. एकात नाना कोणाला तरी हात करून बोलावताना दिसतात आणि शेजारी फटाके फुटतात. आयुष्यभर माइकपुढे बसलेल्या माणसाचा आवाज कोणीच टिपून ठेवला नव्हता. शेवटी नानांनी पाटीवर लिहिलं, 'बाई नको. घंटी चालेल.' मग पाण्याला एक घंटी, अक्काला दोन आणि बाकीचे शब्द पडद्यावर, असं ठरलं.

अडचण पट्टीचीच होती. प्रयोगशाळेत आम्ही तळहाताएवढ्या काचेवर प्लॅस्टिक ठेवून, ती काच गरगर फिरवून थर द्यायचो. एका वेळी दोन पट्ट्या निघत. घाम, दाढीचे खुंट, फडक्याचं घासणं, यांनी त्या आठवड्याभरात मरत. आणि दोन पट्ट्या कधी सारख्या नसत. नवी लावली की संगणकाला सगळं पुन्हा शिकवावं लागे आणि नानांना पुन्हा 'पाणी, पाणी' म्हणत बसावं लागे. फिल्म लांबच्या लांब, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी बनवता आली, तरच तिचा कोणाला उपयोग होता.

जळगावच्या एमआयडीसीत वेष्टनं छापणारा एक कारखाना आहे. मालक मूळचे राजस्थानचे, पण तीन पिढ्या इथेच. फिल्मचा रोल एका बाजूने सुटतो, शाईच्या रुळाखालून जातो, गरम हवेच्या बोगद्यातून वाळून दुसऱ्या बाजूला गुंडाळला जातो. मला नेमकं तेच हवं होतं. मालकांनी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी एक मशीन वापरायला दिलं.

"मॅडम, एवढा पातळ थर तर आम्ही चॉकलेटलाही देत नाही," ते म्हणाले. "हे लावायचं कुठे?"

"गळ्याला."

 त्या दिवसापासून ते स्वतः येऊन मशीनजवळ उभे राहू लागले.

पहिला रोल वाया गेला. उजेडात धरला तर त्यावर पाण्याचे डाग वाळल्यासारखी वलयं होती. वलयांच्या कडेला चांदी गोळा झालेली, मधे काहीच नाही. वीज मधूनच तुटत होती. दुसरा, तिसरा, सगळे तसेच. एप्रिलचा महिना, शेडमध्ये उभं राहवत नव्हतं. मग एका सुट्टीला मी शाईचा थेंब नुसताच पत्र्यावर ठेवून पाहत बसले. तो बघता बघता कडेकडून वाळला आणि वाळताना मधले तंतू कडेला ओढून घेऊन गेला. आमच्या खानदेशच्या उन्हात शाई बोगद्यापर्यंत पोचायच्या आधीच वाळायला लागत होती. मी शाईत सावकाश उडणारं द्रव मिसळलं, बोगद्याचं तोंड थंड ठेवलं, उष्णता मागे नेली. पावसाळा लागला तेव्हा हवेच्या दमटपणाने पुन्हा सगळं बिघडलं आणि पुन्हा बसवावं लागलं. गणेशोत्सवाच्या आसपास एक रोल असा निघाला, की कुठूनही तुकडा कापा, रेघ तीच. मालकांनी त्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आता हा गळ्याला लावा."

काचेवरच्या फिल्मपेक्षा ही कितीतरी पातळ आणि हळवी होती. पूर्वी दिसत नव्हतं ते तिच्यात दिसायला लागलं. श्वास दिसे, नाडी दिसे. त्यांचे हेलकावे ठराविक असतात, म्हणून आम्ही ते संगणकात वजा करून टाकले. उरली ती फक्त बोलण्याची रेघ.

नानांच्या डब्यातून ती रेघ आता मोबाइलवरून थेट जळगावला माझ्यापर्यंत यायची. पट्टी किती टिकते ते मला पाहायचं होतं. मेहरूणला तलावाजवळ माझी भाड्याची खोली आहे. तिथे एका दुपारी जेवून मी लॅपटॉप उघडला, तर रेघ हलत होती. मला वाटलं, नाना अक्काला काही सांगताहेत. अक्काला फोन लावला.

"नाना काय करताहेत?"

"काय करी? खुर्चीवर बसेल शे. डोया मिटेल शेतस."

डोळे मिटून बसलेत. पडद्यावर रेघ उठत होती, पडत होती.

मी दोष शोधायला लागले. पंखा बंद करायला लावला. खुर्ची हलवायला लावली. त्याच रोलचा तुकडा स्वतःला लावून गप्प बसले, रेघ झोपलेली. रविवारी अक्काला लावला, तिचीही झोपलेली. नानांना लावला की तासाभराने, सगळं शांत झालं की, ती उठायची. फिल्ममध्ये दोष नव्हता.

मग मी रोज दुपारी बघायला लागले. बाहेर ऊन रस्त्यावर कोसळत असायचं, तलावाकडून चिटपाखरू ओरडत नसे आणि माझ्या टेबलावर माझ्या वडिलांचा गळा चालायचा. रेघ काही वेळ भरभर हलायची, मग पूर्ण सपाट व्हायची, मग पुन्हा हलायची. संगणकाला जेवढे शब्द येत होते तेवढेच तो अधूनमधून पडद्यावर टाकायचा. 'हो.' बराच वेळ काही नाही. 'हो.' 'गाडी.' 'नाही.' 'हो.' मधल्या असंख्य आकारांचा त्याला पत्ता नव्हता. मला पहिल्यांदा वाटलं, झोपेत बरळताहेत. पण त्या सपाट जागा कधी लहान, कधी मोठ्या असत आणि त्यांच्यानंतर बरेचदा 'हो' यायचं. फोनवर बोलणाऱ्या माणसाचा एकाच बाजूचा आवाज शेजारच्या खोलीतून ऐकू यावा, तसं ते होतं. हे लक्षात आलं तेव्हा भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. मी लॅपटॉप मिटला आणि तलावावर जाऊन माणसांत बसले.

त्या रविवारी मी नानांना विचारलं. अक्का देवळात गेली होती. "नाना, दुपारी तुम्ही कोणाशी बोलता?"

त्यांनी हनुवटीखाली हात लावला. मग चेहऱ्यावर थोडी लाज, थोडा राग आला. पाटी ओढून त्यांनी लिहिलं, 'तुले दखास?' तुला दिसतं का?

"शब्द नाही दिसत. बोलताय एवढंच दिसतं."

त्यांनी ते पुसलं. माझ्याशी ते कायम शाळेतली मराठी बोलत. मुलगी शिकायला हवी, तिच्या तोंडात अहिराणी बसायला नको, असा त्यांचा कटाक्ष होता. आईशी मात्र अहिराणीच. पाटीवर आज ती उतरली. 'तुनी मायसंगे.'

तुझ्या आईशी. त्यांनी पुसून पुन्हा लिहिलं. 'आवाज व्हता तवय मी बोलू, ती आयके. आते दोन्ही बोलतस.' आवाज होता तेव्हा मी बोलायचो, ती ऐकायची. आता दोघं बोलतो.

हे अगदी खरं होतं. स्टँडवरून आले की नाना दिवसभराचं सगळं सांगत बसायचे आणि आई भाकरी थापत नुसतं 'हं' म्हणायची. आई काय विचार करते, हे घरात कोणाला माहीत नव्हतं.

नाना माझ्याकडे रोखून बघत होते. त्यांनी लिहिलं, 'ती बोलस तवय काय दखास?'

ती बोलते तेव्हा काय दिसतं. मी खोटं बोलू शकले असते, पण नाना आशेने विचारताहेत की भीतीने, हेच मला कळत नव्हतं. म्हणून जे होतं ते सांगितलं. "काही नाही, नाना. रेघ सपाट असते. एकदम सपाट."

मला वाटलं, त्यांचा चेहरा पडेल. उलट तो उजळला. त्यांनी घाईघाईने लिहिलं. खडू मोडला, उरलेल्या तुकड्याने वाक्य पुरं केलं. 'मीच बनाडतू तं मना गळा हालता.'

तिची उत्तरं मीच रचत असतो, तर माझा गळा हलला असता.

मी शास्त्राची विद्यार्थिनी. ऐकलेलं आठवताना गळा हलेलच असं नाही, मनातली कल्पना गळ्यापर्यंत न येताही चालू शकते, हे मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. मी पाटी त्यांच्या हातातून घेतली, पुसली आणि परत दिली. बाहेर अक्काच्या चपला वाजल्या तेव्हा नानांनी खूण केली, हिला नको सांगू.

डबा जळगावला आणून मी त्यावर एक बटण बसवलं आणि पुढच्या रविवारी परत नेऊन दिला. ते नानांच्या हातात होतं. बंद केलं की रेघ माझ्याकडे येणार नाही. त्यांनी काही दिवस ते बंद ठेवलं. मग एका दुपारी रेघ पुन्हा आली. त्यांनी बटण मुद्दाम चालू केलं होतं. तेव्हापासून बरेचदा ते चालू ठेवायचे. मला त्यातलं काही कळत नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांना कोणीतरी साक्षीला हवं असावं. मीही कामं दुपारनंतर ठेवायला लागले. सपाट जागा आल्या की माझं श्वास घेणं हळू व्हायचं. एकदा तर मी त्या जागेत, रिकाम्या खोलीत, "काय गं?" असं म्हणून बसले होते.

थंडी पडायला लागली होती. त्या दुपारी नाना बराच वेळ बोलत होते. भरभर, मधे 'गाडी', पुन्हा 'गाडी', मग 'हो'. मग रेघ सपाट झाली. आज आई लांबलचक सांगतेय, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. मी वाट बघत राहिले. मधे उठून चहा टाकला, पडद्याकडे तोंड करून तो प्यायले. रेघ सपाटच. श्वासाचे आणि नाडीचे हेलकावे आम्ही वजा केलेले होते, त्यामुळे ऐकणारा माणूस आणि नसलेला माणूस त्या पडद्यावर सारखेच दिसत होते. हे मला तेव्हा आठवलं नाही. फोन वाजला. अक्का होती.

"बेटा, नाना उठत नही शेतस."

हृदय बंद पडलं होतं. झोपेतच, त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. आधी कळलं असतं तरी काही करता आलं नसतं, असंही म्हणाले. मी पोचले तेव्हा नानांना खाली घेतलं होतं. अंघोळ घालायच्या आधी हनुवटीखालची पट्टी काढायची राहिली होती. कोणी हात लावायला धजत नव्हतं. मी खोबरेल तेल लावून कडेने सोडवत ती काढली. ती कुठेही चिरली नव्हती, एक कोपरा सुटला नव्हता. इतके आठवडे ती टिकली, असा विचार माझ्या डोक्यात आला आणि त्याच क्षणी मला रडू फुटलं.

त्या दुपारची नोंद माझ्याकडे आहे. आता त्या आकारांतून जास्त शब्द काढता येतील, असं एक सहकारी म्हणाला. मी अजून त्याला ती दिलेली नाही. देईन असंही वाटत नाही.

फिल्म मात्र पुढे गेली. तो कारखाना आता महिन्यातून काही दिवस फक्त तीच बनवतो. मालकांनी त्यासाठी धूळ न येणारी वेगळी खोली बांधली. स्वरयंत्र काढलेली माणसं आमच्याकडे चाचणीसाठी येतात. जळगावची, धरणगावची, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतली. बऱ्याच जणांना तंबाखूने, काही बायकांना मिसरीने इथवर आणलेलं असतं.

परवा चोपड्याच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरून एक म्हातारी आली होती, सुनेबरोबर. पट्टी लावली, शब्द शिकवले. तिने पहिल्यांदा घंटी वाजवून पाणी मागितलं, तेव्हा सून हसत हसत डोळे पुसत होती. मग मी डबा म्हातारीच्या हातात दिला आणि बटण कसं दाबायचं ते तिच्याकडून दोनदा करून घेतलं. सून म्हणाली, "तिला कशाला? आमच्याकडे द्या ना."

"हे त्यांच्याकडेच राहतं," मी म्हटलं.

थोडी विश्रांती म्हणून म्हातारीला खिडकीजवळ बसवलं. बटण तिने चालूच ठेवलं होतं. सुनेशी बोलता बोलता माझी नजर पडद्यावर गेली. म्हातारीने डोळे मिटले होते आणि रेघ हलत होती. मग थांबली. मग पुन्हा हलली.

सुनेने ते पाहिलं. "मॅडम, हे काय? मशीन बिघडलं का?"

"नाही," मी म्हणाले. "चला, आपण खाली जाऊन चहा घेऊ."

जाताना मी पडदा भिंतीकडे वळवला आणि दार हळूच लोटून घेतलं.